टाइप-१ मधुमेह : बिघडलेली साखर टप्प्याटप्प्याने रुळावर आणताना

मी बंगळूरच्या जयनगरमधून बोलतो आहे. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, पणजी, जिथे कुठे बसून तुम्ही हा भाग ऐकत किंवा वाचत असाल, तिथे तुमच्या ओळखीत टाइप-१ मधुमेह असलेलं एखादं मूल किंवा तरुण माणूस बहुधा असेलच. आजचा भाग त्यांच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. या विषयात पडलो तो घरच्या कारणाने. माझी पुतणी अकराव्या वर्षापासून इन्सुलिन घेते. इंजिनीअरिंगसाठी ती सांगलीहून आमच्याकडे जयनगरला राहायला आली, तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिचा एचबीए१सी ११.२ होता. वर्षभरात तो ७.६ वर आला. तिच्या परवानगीने मी हे सांगतो आहे. या वर्षात आम्ही तज्ज्ञ डॉक्टरांकडून, आहारतज्ज्ञांकडून आणि वाचनातून जे शिकलो, ते आज क्रमाने मांडणार आहे. डोसचे आकडे मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे.

आजचं मुख्य सूत्र असं : एचबीए१सी ११ आलेला माणूस बेशिस्त असतो असं नाही. त्याच्या दिवसात दोन-चार ठरावीक ठिकाणी गळती असते. ती शोधायची आणि एकेक करून बुजवायची.

हा आजार कशाने होतो, आणि कशाने होत नाही

आपल्याकडे मुलाला मधुमेह झाला की पहिला प्रश्न येतो, "गोड फार खायचा का?" आई बिचारी आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. टाइप-१ मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही. आपलं संरक्षण करणारी शरीराची यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. इन्सुलिन संपलं की रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊ शकत नाही.

या संशोधनाचा एक धागा आमच्या भागाशी जोडलेला आहे. जयनगरच्या दक्षिणेला लागून, जे. पी. नगरच्या बाजूला मारेनहळ्ळीत समत्वम् आणि ज्ञान संजीवनी हे मधुमेह केंद्र आहे. तिथले डॉ. श्रीकांत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या आणि तिळ्या भावंडांचा अभ्यास केला. एकाला मधुमेह झालेला आणि दुसऱ्याला अजून नाही, अशी ही भावंडं होती. १९८३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह अचानक उगवल्यासारखा दिसतो, पण आतली पडझड त्याआधी बराच काळ हळूहळू चालू असते, हे अशा अभ्यासांतून पुढे आलं. म्हणजे दिवाळीत खाल्लेल्या लाडवांचा यात काही दोष नाही. हे घरात एकदा स्पष्ट झालं की अपराधाचं ओझं उतरतं, आणि कामाला हात मोकळे होतात.

इन्सुलिन थांबवायचं नाही

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही. अर्क जास्त शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं, आणि साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. लिओनार्ड पुढे तेरा वर्षं जगला.

आज हे इन्सुलिन आमच्या शहरातच तयार होतं. होसूर रस्त्यावर बोम्मसंद्राकडे गेलं की बायोकॉनचा परिसर लागतो. या कंपनीने २००४ साली मानवी इन्सुलिन आणि २००९ साली ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन भारतात बाजारात आणलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की आजही कुणीतरी काढा, चूर्ण किंवा 'इन्सुलिनमुक्त' होण्याचं शिबिर घेऊन तुमच्या दारात येतो. टाइप-२ मधल्या काही लोकांची औषधं वजन कमी केल्यावर सुटतात, हे खरं आहे. टाइप-१ मध्ये तसं होत नाही. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतही, जिवावर बेतू शकतं. नव्याने निदान झालेल्या काही मुलांची गरज काही महिने एकदम कमी होते. त्याला 'हनिमून' म्हणतात. आजार बरा झाला असं समजून नेमक्या याच काळात लोक फसतात.

आकड्यांचा अर्थ

एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशोब. ७ म्हणजे सरासरी १५४, ९ म्हणजे सुमारे २१२, आणि ११ म्हणजे सुमारे २६९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या खाली हे उद्दिष्ट सांगितलं जातं. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा ज्यांची साखर वारंवार खूप खाली जाते, त्यांच्यासाठी डॉक्टर हे उद्दिष्ट थोडं सैल करतात.

याला आधार आहे तो अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीचा. टाइप-१ असलेल्या १,४४१ जणांचे दोन गट केले. एका गटाचा एचबीए१सी ९ च्या आसपास राहिला, दुसऱ्याचा काटेकोर उपचारांनी ७ च्या आसपास ठेवला. काटेकोर गटात डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे ५० टक्क्यांनी आणि नसांच्या विकाराचा ६० टक्क्यांनी कमी झाला. चाचणी संपल्यावरही याच माणसांवर लक्ष ठेवलं गेलं. पुढे दोन्ही गटांचा एचबीए१सी जवळपास सारखा झाला, तरी सुरुवातीला चांगलं नियंत्रण ठेवलेल्यांना वर्षानुवर्षं फायदा मिळत राहिला. आजचं चांगलं नियंत्रण पुढच्या काळासाठी साठवणीला पडतं, असा याचा अर्थ.

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. काटेकोर गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट होते. आज इन्सुलिन आणि साधनं सुधारली आहेत, तरी धडा तोच आहे. आकडा खाली आणायच्या आधी सुरक्षिततेची तयारी पूर्ण हवी.

पहिला टप्पा : सुरक्षितता

साखर ७०च्या खाली गेली की ती कमी समजायची. घाम, थरथर, भूक, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. अशा वेळी १५ ग्रॅम साधी साखर घ्यायची : पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा पेढा इथे चालत नाही, कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर ते द्या आणि १०८ला फोन करा.

दुसरं टोक म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास ही त्याची चिन्हं. पुष्कळदा घरचे याला 'पित्त झालंय' किंवा 'बाहेरचं खाल्लं' म्हणतात, आणि मोलाचे तास निघून जातात. टाइप-१ असलेल्या माणसाला उलट्या होत असतील तर आधी साखर आणि किटोन तपासा. लघवीतले किटोन पाहण्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. रक्तातले किटोन मोजत असाल तर १.५ च्या वर गेल्यावर लगेच डॉक्टरांशी बोला, आणि ३ किंवा जास्त असतील तर थेट रुग्णालय गाठा.

आजारपणात सर्वांत जास्त घोटाळा एकाच गोष्टीने होतो. "तिने काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला?" तापात शरीराची इन्सुलिनची गरज उलट वाढते. दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन चालूच ठेवायचं, दर दोन ते चार तासांनी साखर बघायची, पाणी पाजत राहायचं आणि जेवणाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवायचा. आमच्या घरी हे एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे. लष्करात ज्याला कायमस्वरूपी आदेश म्हणतात तसं. रात्री दोन वाजता कुणाला आठवत बसायला लागू नये.

दुसरा टप्पा : वही

कुठल्याही मोहिमेच्या आधी टेहळणी असते. इथे ती तीन दिवसांची. तिन्ही दिवस सात वेळा तपासणी करायची : तीन जेवणांच्या आधी, तीन जेवणांनंतर दोन तासांनी, आणि झोपताना. त्यातल्या एका रात्री पहाटे तीन वाजताही. प्रत्येक आकड्यासमोर चार गोष्टी लिहायच्या : वेळ, काय आणि किती खाल्लं, किती युनिट घेतले, आणि चालणं किंवा खेळ.

ही वही परीक्षेच्या निकालासारखी तपासायची नाही. घरातल्या मोठ्यांनी ३२० आकडा बघून "हे काय?" असं विचारलं की दुसऱ्या दिवसापासून वहीत १४० लिहायला सुरुवात होते. माझी पुतणी हसून सांगते की शाळेत असताना ती अशाच आकड्यांची वही भरायची. खोट्या वहीवर ठरवलेला डोस खरोखर जीव घेऊ शकतो. म्हणून आमच्याकडे नियम एकच होता. आकड्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही. तो फक्त माहिती आहे.

परवडत असेल तर दंडाला लावायचा सेन्सर हा मोठा आधार आहे. एक सेन्सर साधारण चौदा दिवस टिकतो आणि रात्रंदिवसाचा आलेख दाखवतो. सगळ्यांना तो सतत वापरणं जमत नाही. वर्षातून दोनदा, डॉक्टरांना भेटायच्या आधी लावला तरी बरंच कळतं. सेन्सर वापरणाऱ्या बहुतेकांसाठी उद्दिष्ट असं : दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे साधारण सतरा तास, साखर ७० ते १८० मध्ये, आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. यात उरलेले सहा-सात तास चढ-उताराला सूट आहे, हे लक्षात घ्या. चोवीस तास सरळ रेषा कुणीच मागत नाही.

तिसरा टप्पा : गळती शोधणं

*टोचण्याची जागा.* आमच्याकडे पहिली गळती इथेच सापडली. पुतणीच्या पोटावर उजव्या बाजूला दोन मऊ गाठी होत्या. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचल्याने तिथली चरबी फुगते. तिथे दुखत नाही, म्हणून मुलं तीच जागा पसंत करतात. पण अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी एकदम शोषलं जातं. आज ३०० तर उद्या ६०, याचं एक मोठं कारण हे. उपाय फुकट आहे : पोट, मांड्या, दंडाचा मागचा भाग आणि नितंब यांत जागा बदलत राहायच्या आणि दोन टोचण्यांत निदान एका बोटाचं अंतर ठेवायचं. एक सावधगिरी मात्र हवी. गाठ सोडून ताज्या त्वचेत टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो. म्हणून बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा. ते बहुधा डोस थोडा कमी करतात.

*सिरिंज.* भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक वेळा प्रति मिलिलिटर ४० युनिटच्या असतात, आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. ४० साठीच्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० साठीच्या सिरिंजचं नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. उलट घोटाळा झाला तर २० ऐवजी फक्त ८. प्रवासात पेन बिघडलं आणि घाईने दुकानातून सिरिंज घेतली की हे घडतं. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवूनच भरा.

*साठवण.* न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं. जयनगरमध्ये हे सोपं आहे. मे महिन्यातल्या नागपूर-लातूरला मात्र खोलीचं तापमान म्हणजे चाळीस अंशांवर. तिथे फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं उपयोगी पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात राहिलेल्या पेनवर मात्र भरवसा ठेवू नका.

*वेळ.* साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. जलद काम करणारं इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटं आधी. पुतणी रेग्युलर घ्यायची, पण जेवण झाल्यावर, कारण कॉलेजच्या मेसमध्ये जेवण कधी मिळेल याचा नेम नसायचा. जेवणातली साखर पुढे आणि इन्सुलिन मागे, अशी शर्यत व्हायची. जेवणानंतर ३०० आणि चार तासांनी ६५. डॉक्टरांनी तिचं इन्सुलिन बदलून जलद काम करणारं दिलं आणि वेळ ठरवून दिली. युनिट जवळपास तेवढेच राहिले, पण आलेखाचे डोंगर निम्म्यावर आले.

*चुकलेला डोस.* दुपारचा डोस ती आठवड्यातून तीन-चार वेळा गाळायची. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर टोचायचा संकोच. यावर कुणाचाही उपदेश कामाला आला नाही. दोन मैत्रिणींना तिने स्वतःहून सगळं सांगितलं आणि प्रश्न सुटला. आता डबा उघडताना त्याच विचारतात, "घेतलंस ना?"

चौथा टप्पा : आधी रात्र, मग जेवणं

सगळीकडे एकदम हात घातला की काय कशामुळे झालं ते कळत नाही. आधी रात्र दुरुस्त करायची. झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशा तीन आकड्यांची तुलना करा. रात्रभर काही न खाता साखर चढत असेल तर दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन कमी पडतंय. उतरत असेल तर ते जास्त आहे. तीनला ठीक आणि सातला चढलेली असेल तर पहाटेच्या संप्रेरकांचा परिणाम, जो तरुणांमध्ये फार दिसतो. तीनला खूप खाली असेल तर रात्रीचा डोस वाढवणं धोक्याचं. सकाळचा एकच आकडा बघून या स्थिती ओळखता येत नाहीत.

पुतणीला रात्रीच्या घसरणीची भीती होती. वसतिगृहात असताना एकदा झोपेत साखर खूप खाली गेली होती. तेव्हापासून ती रात्रीचा डोस मनानेच कमी करायची आणि वर दोन बिस्किटं खाऊन झोपायची. तिच्या ११.२ मधला बराच वाटा या भीतीचा होता. डॉक्टरांनी डोस ठरवल्यावर पाच रात्री पहाटे तीनला गजर लावून मी आणि तिची काकू आळीपाळीने तिची साखर बघत होतो. पाचही आकडे ११० ते १६० मध्ये आले. मग तिची तीच शांत झोपू लागली.

आता जेवण. साखर वाढवतात ती मुख्यतः पिष्टमय पदार्थांमुळे. ते मोजायला शिकणं ही या आजारातली सर्वांत उपयोगी विद्या आहे. साधारण अंदाज असा : एका फुलक्यात १५ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८, पोह्यांच्या बशीत ५० ग्रॅम कोरडे पोहे असतील तर ३८. उपवासाला तर फार फसगत होते. उपवास म्हणजे कमी खाणं असं वाटतं, पण ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅम कर्बोदकं असतात. महिनाभर स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवा. नंतर डोळ्यालाच अंदाज येतो.

हिशोब कसा करतात ते एका उदाहरणाने पाहू. समजा एखाद्याला दिवसभरात एकूण ४० युनिट लागतात आणि तो जलद काम करणारं इन्सुलिन वापरतो. ५०० भागिले ४० म्हणजे साडेबारा. म्हणजे साधारण १२ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. १,८०० भागिले ४० म्हणजे ४५. एक युनिट साखर सुमारे ४५ ने उतरवतं. ताटात दोन फुलके आणि एक छोटी वाटी भात, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. त्याला पाच युनिट. जेवणाआधी साखर २१० आणि उद्दिष्ट १२०, म्हणजे ९० जास्त. त्याला दोन युनिट. एकूण सात. ही सूत्रं सुरुवातीच्या अंदाजासाठी आहेत. खरा आकडा वही बघून डॉक्टर ठरवतात, आणि तो सकाळी वेगळा, रात्री वेगळा असू शकतो.

या हिशोबातला एक खड्डा म्हणजे अधीरपणा. जेवणानंतर तासाभराने २६० दिसले म्हणून आणखी चार युनिट, परत तासाने आणखी तीन. आधीचं इन्सुलिन अजून काम करत असतं. सगळं एकावर एक साचतं आणि मध्यरात्री साखर कोसळते. जलद इन्सुलिनचा परिणाम तीन ते पाच तास राहतो, हे ध्यानात ठेवूनच पुढचा दुरुस्तीचा डोस घ्यायचा.

फार घाई नको

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अनेक वर्षं ११-१२ वर असलेला एचबीए१सी दोन-तीन महिन्यांत एकदम ७ वर आणला तर डोळ्याच्या पडद्याचा आधीचा विकार काही काळ वाढू शकतो. काहींना पायांत तीव्र जळजळ आणि वेदना सुरू होतात. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्या, आणि उतार किती वेगाने हवा हे मधुमेहतज्ज्ञांशी ठरवा. पुतणीचे आकडे दर तीन-चार महिन्यांनी ११.२, ९.६, ८.४ आणि ७.६ असे उतरले. त्याबरोबर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, पायांची तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा थायरॉईडची तपासणी ठेवायची.

खर्च आणि मदत

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. पट्ट्या, सुया, इन्सुलिन हे आयुष्यभराचं बिल आहे, आणि गरीब घरांत आधी मुलींचं इन्सुलिन कमी होतं, हे कडू सत्य आहे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट सुरू केला तो गरीब घरांतल्या टाइप-१ मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण देण्यासाठी. मुलींकडे तिथे विशेष लक्ष दिलं गेलं. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची उडान ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. मानवी इन्सुलिन हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच. २०२२च्या यादीत ग्लार्जिनचीही भर पडली. सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करायला लाजू नका. महागडं इन्सुलिन परवडत नाही म्हणून डोस अर्धा करण्यापेक्षा, डॉक्टरांना सांगून स्वस्त इन्सुलिनवर पूर्ण डोस घेणं केव्हाही चांगलं.

शाळा-कॉलेजला लेखी कळवा. सीबीएसईने २०१७ पासून टाइप-१ असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ ठेवायची मुभा दिलेली आहे. इतर मंडळांच्या शाळांतही मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा.

घरच्यांसाठी शेवटचे चार शब्द

टाइप-१ असलेला माणूस दिवसाला कितीतरी निर्णय एकट्याने घेतो : किती खाऊ, किती टोचू, जिना चढू की थांबू. यात सुट्टी नाही, दिवाळीलाही नाही. कधीतरी तो कंटाळतो आणि वही बंद करून ठेवतो. त्या दिवशी त्याला डोळे, किडनी यांची भीती घालू नका. ती त्याला आधीच माहीत आहे. "आज रात्रीचं मी बघतो, तू झोप" एवढं म्हणा. लागलं तर समुपदेशकाची मदत घ्या. तोही उपचाराचाच भाग आहे.

या आठवड्यात एवढंच करा : टोचण्याच्या जागा हाताने चाचपून बघा, सिरिंज आणि बाटलीचे आकडे जुळवा, तीन दिवसांची खरी वही लिहा, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे "साखर खूप वाढते" असं मोघम न सांगता "दुपारच्या जेवणानंतर वाढते, रात्री ठीक असते" असं सांगा. दहा मिनिटांच्या भेटीत याचा फार फरक पडतो.

पुढच्या भागात याच आजारातल्या व्यायामाविषयी बोलू : धावण्याच्या आधी किती खायचं, डोस कधी कमी करायचा, आणि खेळून आल्यावर रात्री साखर का घसरते. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद.